ओट्यासमोरची खिडकी

रत्नमाला : अहो, हा तुकडा माझ्या हातात देऊन काय उपयोग? पांढरा आहे, गुळगुळीत आहे, ते मला दिसतंय. ह्याला पुसायचं कसं, ते सांगा.

सुदर्शन : पुसायचंच नाय. अर्ध्या तासापासनं तेच सांगतोय, रत्ना. यूपीव्हीसीची खिडकी म्हणजे झीरो मेंटेनन्स. रंग नको, पॉलिश नको. वाळवी नाय, गंज नाय. एकदा बसवली की पंधरा-वीस वर्षं तिकडं बघायची गरज नाय.

सरूबाई : पलास्टिक हाय व्हय रं हे?

सुदर्शन : प्लास्टिक नाय, आई. म्हणजे तसं प्लास्टिकच, पण भारीतलं.

सरूबाई : बादली बी भारीतलीच आणली व्हती तुझ्या बापानं कन्नडच्या बाजारातून. एका उन्हाळ्यात तडकली.

सुदर्शन : बादली अन् खिडकी एक असते का?

सरूबाई : म्या कुठं म्हनलं एक असती? बादली तडकली एवढंच म्हनलं.

रत्नमाला : ह्याच्यावर धूळ बसते का नाही, तेवढं सांगा.

सुदर्शन : धूळ तर सगळ्यावरच बसते.

रत्नमाला : मग झीरो कसं? ते बाहेर बघा जरा. बायपास सोडला की इथपर्यंत सगळा कच्चा रस्ता. एक टँकर गेला की पाच मिनिटं समोरचं घर दिसत नाही. आणि ती काच धुवायला पाणी कुठून आणू? इथं ह्या नव्या घराला नळ यायला अजून किती वर्षं लागतील देव जाणे. टँकरचं पाणी काचांवर ओतू का?

सुदर्शन : कोरड्या फडक्यानं होतं.

रत्नमाला : कुणी केलंय? तुम्ही?

सुदर्शन : लगेच माझ्यावर येऊ नको. पाच वाजायच्या आत दुकानदाराला फोन करायचाय. उद्या सकाळी तो कटिंगला घेणार. मी कंपनीतून हाफ डे टाकून आलोय, अन् इथं तीन माणसांची तीन तोंडं. सरकत्या घेऊ, ठरलं.

रत्नमाला : सरकत्या नकोत.

सुदर्शन : काहून?

रत्नमाला : खुलताबादला कडूताईंच्या नव्या घरी सरकत्याच आहेत ना? राखीला गेलो होतो, तुम्ही जेवून आडवे झालात. तुमची ती बहीण भावाला राखी बांधून उठली आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन खिडकीच्या खाचेतली माती कोरत बसली. मी बसले शेजारी सुई घेऊन. दोन खिडक्यांना दीड तास. वरून मुंग्या.

सरूबाई : व्हय. माझी लेक त्या खाचात वाकून वाकून पार अर्धी झाली.

सुदर्शन : तिच्याकडं लोकल माल असंल.

रत्नमाला : माती पण लोकल होती. आणि सरकती खिडकी निम्मीच उघडते. एप्रिल-मेमध्ये कूलर कुठून लावणार?

सुदर्शन : कूलर कशाला? एसी घेऊ की.

सरूबाई : मला न्हाई ते एसी-फिशी लागत. कूलर बरा. पान्याचा वास तरी येतो.

सुदर्शन : बरं, मग लाकडाच्या घेतो. घेऊ? दर दोन वर्षांनी पॉलिश करत बसा. गुलमंडीच्या जुन्या घरातली आठवते ना? ऑगस्टमधी लावली की फुगून बसायची, ती दसऱ्यालाच उघडायची. मी खांद्यानं ढकलायचो.

रत्नमाला : लाकडाच्या कोण म्हणतंय? हीच घ्या, यूपीव्हीसीच घ्या. फक्त दारासारखी उघडणारी घ्या, आणि उघडताना आत येणारी. बाहेरून गज. जाळी काढता येईल अशी. आमच्या शाळेतल्या गीता मॅडमनी तशाच बसवल्यात, मी त्यांच्या घरी जाऊन बघून आले. खिडकी आत ओढायची, जमिनीवर उभं राहून दोन्ही बाजू पुसायच्या, लावून टाकायची. स्टूल नको, गजातून हात घालून बोटं सोलून घ्यायला नको. ह्याला म्हणतात कमी मेंटेनन्स.

सुदर्शन : आत उघडली की फर्निचरला अडते. दुकानदार म्हणला, मॅडमला सांगा, आजकाल सगळे सरकत्याच घेतात.

रत्नमाला : दुकानदार येणार आहे का पुसायला?

सुदर्शन : आता हे काय बोलणं झालं?

रत्नमाला : नाही, मला कळू द्या. तुम्ही कंपनीत मेंटेनन्सला. मशीन बंद पडली की रात्री-बेरात्री धावत जाता, ऑइल लावता, कापडानं पुसून घेता, मग तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढता. घरात मेंटेनन्स म्हटलं की ते कोण करणार हा प्रश्नच तुमच्या डोक्यात येत नाही. झीरो मेंटेनन्स म्हणजे तुमच्यासाठी झीरो. माझ्यासाठी आहे तेवढंच.

सुदर्शन : तुझ्यासाठीच चाललंय सगळं. बरं बाई, आत उघडणाऱ्या. सांगतो त्याला. आठही तशाच सांगू का हॉलच्या वेगळ्या?

रत्नमाला : आठ कशा? दहा आहेत.

सुदर्शन : नाय, आठ.

रत्नमाला : हॉलला तीन, आपल्या खोलीत दोन, पोरीच्या खोलीत दोन, आत्याबाईंच्या खोलीत दोन, आणि स्वयंपाकघरात एक. दहा झाल्या. नकाशावर मी स्वतः पेन्सिलीनं आकडे टाकलेत.

सुदर्शन : नकाशात दहा होत्या. नंतर जरा बदल केला.

रत्नमाला : कसला बदल?

सुदर्शन : सांगतो. आधी हे कलरचं ठरवू. पांढरा का लाकडी शेड?

रत्नमाला : अहो, कसला बदल?

सुदर्शन : रत्ना, तिकडं नको जाऊ आता, ओलं आहे सगळं. रत्ना!

(स्वयंपाकघर. ओट्यासमोरच्या भिंतीत ओल्या विटांचा नवा चौकोन. प्लास्टर अजून व्हायचंय.)

रत्नमाला : हे काय आहे?

सुदर्शन : ऐकून तर घे आधी.

रत्नमाला : मी विचारलं, हे काय आहे.

सुदर्शन : भिंत आहे.

रत्नमाला : इथं खिडकी होती.

सुदर्शन : खिडकी नव्हती, नुसतं भगदाड होतं. मिस्त्रीनं काल संध्याकाळी बुजवलं.

रत्नमाला : मिस्त्रीनं आपल्या मनानं बुजवलं?

सुदर्शन : मी सांगितलं त्याला.

रत्नमाला : परीक्षा होत्या म्हणून पंधरा दिवस मी इकडं फिरकले नाही. पंधरा दिवस. तेवढ्यात तुम्ही... आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं हे?

सरूबाई : नाय बाई. म्या आज तुझ्यासंगंच आले की रिक्षातून.

रत्नमाला : अहो, नकाशा काढायला बसलो तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती. मोठी बेडरूम मागितली नाही, कपाटं मागितली नाहीत, गच्चीत झोपाळा पाहिजे म्हणून पोरगी रडली, तिला पण मी गप्प केलं. ओट्यासमोर खिडकी, एवढं एकच. एकोणीस वर्षं मी गुलमंडीत बल्ब लावून पोळ्या केल्या. भर दुपारी बारा वाजता बल्ब. बाहेर ऊन पडलंय का आभाळ आलंय, ते मला गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्यावर कळायचं. भाजीत मीठ पडलं का नाही ते हातानं कळतं, पण पालक निवडताना अळी दिसायला उजेड लागतो हो.

सुदर्शन : दोन एलईडी टाकतो ना इथं. पांढऱ्या. दिवसासारखा उजेड पडंल.

रत्नमाला : दिवसासारखा कशाला? दिवस आहे ना बाहेर! फुकटचा!

सुदर्शन : ओरडू नको. शेजारच्या साइटवर लोक आहेत. अन् मी काय हौसेनं केलं का? आईमुळं केलं. आईला विचार.

सरूबाई : माझ्यामुळं?

सुदर्शन : तूच नाय का म्हणलीस? भूमिपूजनाच्या दिवशी गुरुजींनी सांगितलं, खिडक्या जोडीत पाहिजेत अन् आकड्याच्या शेवटी शून्य नको. दहाला शून्य येतं. महिनाभर माझ्या मागं लागली होतीस, दहा नको, दहा नको.

सरूबाई : व्हय, म्हनलं. दहा नको म्हनलं, अन् पुढं काय म्हनलं?

सुदर्शन : पुढं काय?

सरूबाई : बारा कर म्हनलं. बारा! आणखी दोन पाड, उजेड लई यील, म्हनलं. तू म्हनला, व्हय, बघतो. मला काय ठावं, तू वर जायाच्या जागी खाली उतरशील!

सुदर्शन : बारा म्हणजे आणखी दोन वाढल्या की. आणखी दोन पुसायच्या. आठ केल्या म्हणजे तुझी अट पण राहिली अन् दोनचं काम पण कमी झालं. मी विचार करूनच केलं.

रत्नमाला : आणि दहातून नेमकी हीच सापडली?

सुदर्शन : कारण हीच सगळ्यात वाईट असते. स्वयंपाकघरातली. फोडणीचा धूर, तेल, जाळी चिकट होते, त्याच्यावर धूळ बसून काळं लोणी होतं. आमच्याकडं असंच करतात. जो पार्ट सारखा त्रास देतो तो रिपेअर करत बसायचं नाय, सिस्टीममधून काढून टाकायचा.

रत्नमाला : सिस्टीममधून.

सुदर्शन : चिमणी बसवू की धुराला.

सरूबाई : थांब रं. ही एक झाली. दुसरी कोनती बुजवली?

सुदर्शन : कोणती?

सरूबाई : दहाच्या आठ केल्या ना? दोन गेल्या. एक हिची. दुसरी कोनाची?

सुदर्शन : ती... तुझ्या खोलीतली. उत्तरेकडची. थंडीत गार वारं येतं, आई. तुझे गुडघे धरतात.

सरूबाई : माझी? रस्त्याकडची?

सुदर्शन : दुसरी आहे ना मागच्या बाजूनं.

सरूबाई : मागच्या बाजूनं टाकी हाय पान्याची! टाकीकडं बघत बसू का दिसभर? गावाकडं पिशोरला वट्यावर बसलं तर येनारं-जानारं मानूस इचारतं, सरूबाई, च्या झाला का. हितं मला कोन वळखतं? म्या तुझ्या बायकोला म्हनले व्हते, त्या खिडकीत बसंन, लोक बघंन, हळूहळू वळख हुईल. तवा कुठं म्या यायाला तयार झाले. गुडघं माझं धरत्यात अन् भिंत तू बांधतो व्हय!

सुदर्शन : मला काय माहीत तुमचं हे आपसात बोलणं झालंय?

रत्नमाला : हॉलची कुठली बुजवली नाही?

सुदर्शन : हॉलची कशी बुजवणार? ते एलिव्हेशन आहे. रोडवरून पहिलं तेच दिसतं.

रत्नमाला : म्हणजे लोकांनी बाहेरून बघायच्या त्या तिन्ही राहिल्या. आम्ही आतून बाहेर बघायच्या त्या दोन्ही गेल्या.

सुदर्शन : असं उलटं लावू नको, रत्ना. मी तुझ्यासाठी केलंय. खरंच सांगतोय. तू दर दिवाळीला काय म्हणतेस? ह्या खिडक्यांनी माझा जीव घेतला. म्हणतेस का नाय?

रत्नमाला : म्हणते.

सुदर्शन : अन् तीन वर्षांपूर्वी जीव जायचाच बाकी होता. स्टुलावरून पडलीस. मनगटाला सव्वा महिना प्लास्टर. मी तुला घाटी दवाखान्यात नेलं तेव्हा ठरवलं होतं, आपलं घर बांधीन तेव्हा हिला खिडकीला हात लावू देणार नाय. ते डोक्यात धरून बसलोय मी तीन वर्षं. तू मात्र मला इथं आईसमोर गुन्हेगार केलंस.

रत्नमाला : मी पडले कशी, ते आठवतं का?

सुदर्शन : स्टूल हाललं.

रत्नमाला : त्याच्या आधी.

सुदर्शन : आधी काय?

रत्नमाला : मी तुम्हाला हाक मारली होती. अहो, स्टूल धरा जरा, एक पाय आखूड आहे. तुम्ही म्हणालात, आलो. मग मी दुसऱ्यांदा म्हणाले. तुम्ही आतून म्हणालात, आलो आलो. फोनवर काहीतरी बघत होता. तिसऱ्यांदा मी हाक मारली नाही, चढले.

सुदर्शन : हे तू कधी बोलली नाहीस.

रत्नमाला : काय बोलणार? हात बांधून घरात बसले होते, तुम्ही सव्वा महिना भांडी घासलीत, पोरीच्या वेण्या घातल्यात. वाकड्या घातल्यात, पण घातल्यात. मग कशाला बोलायचं म्हणून राहिलं. पण मी खिडक्यांच्या नावानं ओरडत नव्हते हो. खिडकी काय बिचारी करते? मी म्हणत होते, कुणीतरी येऊन स्टूल धरा. तुम्ही ते ऐकलंत आणि तीन वर्षांनी खिडकीच काढून टाकलीत. स्टूल धरण्यापेक्षा तुम्हाला भिंत बांधणं सोपं वाटलं. माझं डोकं फिरतंय, मला कळत नाही तुमच्यावर रागवू का रडू.

सरूबाई : रडू नको गं. इकडं ये, ह्या गोनीवर बस.

रत्नमाला : मला नाही बसायचं.

सरूबाई : सुदर्शन, एक सांगू का तुला? आपली पिशोरची चूल कुठं व्हती, ध्यानात हाय?

सुदर्शन : आतल्या कोपऱ्यात.

सरूबाई : कोपऱ्यात, भिताडाकडं तोंड. लगीन हून आले तव्हापासनं त्या भिताडाकडं बघून भाकरी थापल्या म्या. मागं कोन आलं, कोन गेलं, कोन हासलं, सगळं पाठीला कळायचं. तुझा बाप लई चांगला मानूस, कव्हा हात नाय उचलला. पर मला त्यानं कव्हा इचारलं नाय, सरू, तुला तोंड कुनीकडं करून बसायचंय. अन् म्या बी सांगितलं नाय. हिनं सांगितलं व्हतं तुला. कागदावर लिहून दिलं व्हतं. बोल की आता.

सुदर्शन : काय बोलू? परत उघडली तर दहा होतात. शून्य येतं. उद्या काही झालं की तूच म्हणशील, गुरुजी सांगत होते, ऐकलं नाय.

सरूबाई : न्हानीला अन् संडासला वर झरोकं हाईत का नाय?

सुदर्शन : दोन आहेत. पण त्यांना खिडकी नाय म्हणत.

सरूबाई : उजेड येतो का त्यातून?

सुदर्शन : येतो.

सरूबाई : वारं येतं?

सुदर्शन : येतं.

सरूबाई : मंग झाल्या बारा. गुरुजी काय शिडी घिऊन मोजाया यीनार हाय व्हय?

सुदर्शन : आई, हे तू आधी का नाय सांगितलंस?

सरूबाई : आधी तू इचारलं कव्हा?

रत्नमाला : किती वाजले?

सुदर्शन : साडेचार.

रत्नमाला : पाचला दुकानदाराला फोन करायचाय ना तुम्हाला? करा मग. आठ सांगा, आणि पांढरा रंग सांगा, सरकत्या सांगा, काय पाहिजे ते सांगा. मी बाहेर रिक्षा बघते.

सुदर्शन : थांब.

रत्नमाला : थांबून काय करू? भिंत बघू?

सुदर्शन : थांब म्हणतोय ना. मिस्त्रीची हातोडी इथंच होती. आई, त्या घमेल्याखाली बघ.

सरूबाई : ही घे.

सुदर्शन : सिमेंट अजून धरलं नसणार. कालच लावलंय, सकाळी पाणी मारलंय. मागं सरका दोघी. रत्ना, डोळ्यांवर हात धर, कपची उडंल.

रत्नमाला : वरून काढा. खालून मारलीत तर सगळं अंगावर येईल.

सुदर्शन : वरूनच काढतोय.

सरूबाई : हळू रं, पायावर पाडून घिशील.

सुदर्शन : निघाली. ही घे.

रत्नमाला : द्या इकडं. फेकू नका, आख्ख्या निघतायत. कडेला रचते.

सुदर्शन : हाताला लागंल तुझ्या. तेच मनगट आहे.

रत्नमाला : काढा तुम्ही पुढची.

सरूबाई : माझ्या खोलीतली बी आजच काढायची बरं का. उद्या म्हनशील, मिस्त्री आला अन् प्लास्टर करून गेला.

सुदर्शन : काढतो, आई. एक झाली की एक. मला श्वास तर घेऊ दे.

सरूबाई : बाई, केवढं दिसतंय हितून! त्या प्लाटात कोनाच्या शेळ्या चरत्यात गं?

रत्नमाला : कुणास ठाऊक. ती बाई इकडंच बघतेय. तिला वाटलं असेल, आत्ताच बांधलं आणि आत्ताच पाडायला लागले.

सुदर्शन : वाटू दे. दुकानदाराचाच फोन येतोय. धर ही हातोडी... हां, बोला. हां, सुदर्शनच... नाय नाय, आठ नाय. दहा. अहो, मीच आठ म्हणलो होतो, चुकलं माझं... दहा. अन् सरकत्या नको. दारासारख्या, आत उघडणाऱ्या. सगळ्या... अडू द्या फर्निचरला, फर्निचर सरकवू... जाळी काढता येणारी पाहिजे... धुवायला, आणखी कशाला? मला धुवायचीय... हां, स्वयंपाकघरातली पण धरून दहा... काय? हँडल? थांबा एक मिनिट, होल्ड करा. रत्ना, इथलं हँडल किती उंचीवर ठेवायचं?

रत्नमाला : तो विचारतोय?

सुदर्शन : तो सगळीकडं सारखंच टाकतो म्हणतोय. मी विचारतोय.

रत्नमाला : थांबा. ओट्यापाशी उभी राहून सांगते.